पचमढी, चौरागड, नागद्वारी: सह्याद्रीवाल्याने कधी आणि कसं जावं? (सोबत आई आहे)

घाटमाथा

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पुण्यात असतो, वीसेक वर्षं सह्याद्रीत भटकतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, ढाक बहिरी हे सगळं करून झालंय, म्हणजे अगदीच नवखा नाही, पण जे काही केलं ते आपल्या काळ्या कातळावर. सातपुड्यात म्हणाल तर चिखलदरा आणि तोरणमाळ, दोन्ही गाडीने, त्यामुळे ते मी मोजतच नाही.

आता मध्य प्रदेशातल्या पचमढीचं का सुचलं तर आई. तिचं माहेर वर्ध्याजवळचं. तिचे वडील दर शिवरात्रीला "महादेवाला" जायचे, तिकडे सगळे असंच म्हणतात, पचमढी हा शब्द आईने म्हणे लग्नानंतर पुण्यात आल्यावर ऐकला. खांद्यावर त्रिशूळ घेऊन गावातली दहा-बारा माणसं निघायची ती चार-सहा दिवसांनी अंगारा, फुटाणे आणि पायाला फोड घेऊन परतायची. आजोबांनी शेवटचा एक त्रिशूळ नवसाचा म्हणून करून घेतला आणि मग गुडघेच गेले, तो त्रिशूळ आजही मामाच्या माळ्यावर पडून आहे. आई ६८ ची आहे, रोज पर्वती चढते, आणि आता तिने धोशा लावलाय की मला एकदा चौरागड (पचमढीजवळचा महादेवाचा डोंगर, त्रिशूळ तिथेच वाहतात) बघायचाच.

तर प्रश्न असा की चार-पाच दिवस काढले तर कधी जावं? श्रावणातल्या नागद्वारीबद्दल (जंगलातून नागदेवाच्या गुहेपर्यंतची पायी यात्रा) यूट्यूबवर बघून मला स्वतःला ती पण करायची फार इच्छा आहे, पावसात ते धुकं आणि लोखंडी शिड्या बघून हात शिवशिवतायत. की आईला घेऊन हिवाळ्यात निवांत जावं? दुसरं म्हणजे तिथला दगड वेगळा आहे असं ऐकतो, सँडस्टोन, तर नेमकं काय वेगळं पडतं, रोप वगैरे न्यावा का? आणि जंगल खात्याच्या परवानग्यांचं काय? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

रिकामटेकडा

पचमढी म्हणजे ते हनिमूनवाल्यांचं ना? जिप्सी करा, पाच पॉइंट बघा, सहाव्या पॉइंटला मॅगी खा. रोप कशाला नेताय, कपडे वाळत घालायला?

संत्र्याची फोड

रिकामटेकडा भाऊ, तुम्ही जिप्सीतून पाहिली असन तर तशीच दिसन ना बाप्पा.

घाटमाथा भाऊ, मी नागपूरचा, नागद्वारी सात वेळा झाली, पहिल्यांदा गेलो तेव्हा आठवीत होतो अन् घरी सांगितलंच नव्हतं, तो किस्सा नंतर कधी. पहिले एक समजून घ्या, नागद्वारी एरवी बंद असते. अख्खा रस्ता सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जाते, वर्षातून नागपंचमीच्या आधीचे दहा-बारा दिवस तेवढं उघडतात. तारखा पाहताना पुण्याची लोकं हमखास गोंधळतात कारण तिकडचा सावन आपल्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी लागते, त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होते. नागपंचमी दोघांची एकच, पण जत्रा म्हणजे आपल्या हिशोबाने आषाढाचं शेपूट. श्रावण लागल्यावर निघू म्हणाल तर जत्रा उठायच्या वाटेवर असते.

धूपगडच्या रस्त्यावरून जळगलीच्या बाजूने पायवाट सुटते, मग गणेश टेकडी, काजरी, अन् पद्मशेषची गुफा, पुढे चिंतामणी, स्वर्गद्वार, पश्चिमद्वार अशी ठिकाणं आहेत. दणकट पोट्टे एका दिवसात करून येतात, पण बरेच लोकं रात्र आतच काढतात. वाट म्हणाल तर कुठे चिखल, कुठे ओढ्यातले गोल दगड, कुठे लोखंडी शिडी अन् शिडीच्या खाली शंभर माणसं रांगेत, वरून धो धो पाणी. काजरीची एक गोष्ट सांगतात, काजरी नावाच्या बाईले मूल होत नव्हतं म्हणून तिने नागदेवाच्या डोळ्यात काजळ घालीन असा नवस बोलला, मूल झालं अन् मग फेडायले गेली तर समोर नाग एवढा मोठा झाला का ती तिथंच गेली. खरं खोटं महादेव जाणे, पण रात्री बाराला ताडपत्रीखाली भिजून बसल्यावर कोणी सांगितली ना तर काटा येते.

दगडाचं विचारलं म्हणून माझी फजिती सांगतो. चौथ्या वेळेची गोष्ट. मले वाटलं आता आपण उस्ताद, रांग सोडून बाजूच्या कातळावरून वर चढू, दहा फूटच होतं. हात टाकला तो कंगोरा चांगला पंजाएवढा होता, दिसायले एकदम मजबूत. ओढला तर बिस्किट चहात बुडवल्यावर तुटते ना तसा आवाज न करता हातात आला. मी पाठीवर, कंगोरा छातीवर, अन् बोटांच्या पेरांची सालं निघाली, पॉलिश पेपर घासल्यासारखी. खाली एक म्हातारी होती, अमरावतीकडची, साठ-पासष्टची असन, अनवाणी, डोक्यावर पोटली. ती हसली नाही ना काही नाही, फक्त म्हणे, "भगत, हा दगड ओढाचा नसते, याच्यावर नुसता हात ठेवाचा. अन् टाच नको लावू, अख्खं पाऊल टेकव." (तिथे सगळे एकमेकांले भगतच म्हणतात, आमदार असो का हमाल.) पुढचे दोन घंटे मी त्या आजीच्या मागे तिच्या पावलात पाऊल टाकत गेलो, एकदा पण घसरलो नाही.

खायची चिंता नका करू. आमच्या विदर्भातली सेवा मंडळं जागोजागी भंडारा लावतात, पुरीभाजी, खिचडी, झुणका, चहा, सगळं फुकट, सामान डोक्यावर वाहून आत नेतात. फक्त सोबत एक ताट ठेवा.

पण आईले घेऊन नागद्वारी? नका नेऊ. मी सांगतो म्हणून तरी नका नेऊ.

दगडधोंडे

भूगर्भशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे दगडाबद्दलचं उत्तर माझ्याकडे लागलं. लांबलं तर सोडून वाचा.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, ढोबळमानाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर कठीण, त्यावर एक ठिसूळ, परत कठीण, म्हणून आपल्या डोंगरांना कातळ, मग गवताची पट्टी, परत कातळ असे टप्पे पडलेले असतात आणि आपल्या सगळ्या वाटा या पट्ट्यांवरून आडव्या जातात. तुमच्या पायांना वीस वर्षं हीच सवय आहे. महादेव डोंगररांगेतला पचमढीचा वालुकाश्म (तुमचा सँडस्टोन) त्याच्याही कितीतरी आधीचा, ट्रायासिक काळातला, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी मोठमोठ्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू. शेकडो मीटर जाडीची. कुठल्याही उघड्या भिंतीजवळ उभे राहा, दगडात तिरक्या रेघा दिसतील, एकावर एक, दिशा बदलत गेलेल्या. त्या नदीने एकावर एक टाकलेल्या वाळूच्या थरांच्या खुणा आहेत, पाणी कुठून कुठे वाहत होतं ते त्या रेघांवरून सांगता येतं. मी मुलांना तिथे नेऊन नुसतं बोट ठेवायला लावायचो. डायनासोर यायच्या सुमाराच्या नदीवर बोट ठेवलंय म्हटल्यावर मागच्या बाकावरची पण गप्प व्हायची. आणि गोंडवन हे नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं ते याच गोंडांच्या मुलखावरून.

आता तुमच्या उपयोगाचं. वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा लोहाचा वगैरे सिमेंटसारखा पदार्थ, एवढाच हा दगड. कुठे ते सिमेंट घट्ट, कुठे नावापुरतं. लोहाचे जांभळट तपकिरी पापुद्रे कडक असतात आणि बाकीचा दगड झिजला की कपाटाच्या फळीसारखे बाहेर राहतात. वरच्या भाऊंच्या छातीवर आला तो कंगोरा बहुतेक असलाच असणार, फळी कडक पण तिच्यामागचा दगड कच्चा. शिवाय हा दगड पाणी पितो, आणि ओला झाला की त्याची ताकद चांगलीच उतरते, वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असू शकतो. जगात जिथे जिथे लोक सँडस्टोनवर चढाई करतात तिथे पावसानंतर एक-दोन दिवस, कधी जास्त, दगडाला हात लावत नाहीत. बेसॉल्टवर (आपल्या काळ्या कातळावर) तुम्ही पाऊस थांबल्यावर तासाभरात चढत असाल, ते इथे विसरा. रोप नेऊ नका. एक तर व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय असले उद्योग करायचे नसतात, आणि कडेवरून घासला की ही वाळू रोपाची साल कानशीसारखी खाते.

पाणी पिण्याचाच चांगला भाग म्हणजे हे डोंगर पावसाळ्यात मुरवलेलं पाणी वर्षभर झिरपत सोडतात. मे महिन्यात सातपुड्यातला बाकी सगळा साग पानं गाळून काटक्या होतो आणि पचमढीच्या घळींमध्ये नेचे हिरवेगार उभे असतात, झाडासारखं खोड असलेले ट्री फर्नसुद्धा.

आणखी एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे डोंगराचा हिशोब उलटा आहे. आपल्याकडे पायथ्याच्या गावातून चढायचं, वर पोचलं की जिंकलं, मग उतार. पचमढी गाव स्वतःच हजार-सव्वाहजार मीटरच्या आसपास पठारावर बसलंय, आणि दगडाच्या उभ्या भेगा रुंदावत जाऊन पठारात खोल चिरा पडल्यात, त्यांना तिकडे खोह म्हणतात. हांडी खोहच्या कठड्याशी उभं राहिलं की तीनेकशे फूट सरळ खाली, मध्ये गवताची पट्टी नाही, काही नाही. म्हणजे बघण्यासारखं बरंचसं खाली आहे. सकाळी ताजे असताना उतरायचं आणि दुपारी दमल्यावर चढायचं. सह्याद्रीवाले नेमके इथे फसतात, उतरताना गप्पा मारत उतरतात, पाणी संपवतात.

चौरागड मात्र आपल्यासारखा, वर चढायचा.

घाटमाथा

बाप रे, एवढं सविस्तर! दगडधोंडे सर, तो उलटा हिशोब डोक्यातच आला नव्हता. संत्र्याची फोड भाऊ, तुमच्या त्या आजीचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली बाबा पण हेच सांगायचे, दगडाला ओढू नको. मला वाटलं ती गंमत करतेय, पण नाही.

चौरागडच्या पायऱ्या नेमक्या किती आहेत? आणि नागपूरकडून गाडीने येणं बरं की रेल्वेने पिपरिया?

छिंदवाडेवाली

माहेर छिंदवाडा, सासर अमरावती, त्यामुळे या रस्त्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय :)

तुम्हाला वर्ध्याहून आजोबांचा तो त्रिशूळ सोबत न्यायचा असेल तर रेल्वेचा विचार सोडा. पिपरिया ठीक आहे, मुंबईहून इटारसी-जबलपूर लाइनच्या बऱ्याच गाड्या थांबतात आणि तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर, पण मग त्रिशूळ घेऊन स्लीपरमध्ये चढणार का, टीसी काय म्हणेल? नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असे या, अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर, पण वेळ सहा-सात तासांचा धरा, घाट आहेत. सौंसरपर्यंत तुम्हाला मध्य प्रदेशात आल्यासारखं वाटणारच नाही, दुकानदार मराठीत बोलतो. तिथे जामसावळीचा झोपलेला मारुती आहे, आई असल्यावर ते चुकणार नाहीच. मुक्काम तामियाला करा, पचमढीला घाईघाईने पोचू नका. तामियाला रेस्ट हाउसच्या मागून संध्याकाळी समोर बघायचं, एकामागे एक डोंगर निळे होत जातात, तिकीट नाही काही नाही. जवळच पाताळकोट आहे, घोड्याच्या नालेसारखी दरी, तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं. वरून बघा, उतरायचं असेल तर गावातला माणूस सोबत घ्या आणि लोकांच्या घरात कॅमेरे खुपसू नका एवढीच विनंती, फार राग येतो मला ते बघून.

पचमढीत धूपगड वगैरे बऱ्याच जागांसाठी परवाना लागतो, तो बायसन लॉजपाशी जंगल खात्याच्या काउंटरवर मिळतो. हे बायसन लॉज १८६२ चं, इंग्रजांचं इथलं पहिलं घर समजा. बऱ्याच ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही, जिप्सीच करावी लागते, गाइड सोबत. सकाळी लवकर रांगेत उभं राहायचं, आठ वाजता गेलात तर अर्धा दिवस गेला. तिथल्या एका हॉटेलवाल्याने आम्हाला "परवाना मी काढून ठेवलाय" सांगून दुप्पट पैसे घेतले आणि काउंटरवर कळलं काहीच काढलेलं नव्हतं, तर स्वतः जा.

आता आईंचं. चौरागडला जायला बडा महादेवपर्यंत गाडी जाते, तिथली गुहा बघून घ्या, आत पाणी टपकत असतं, बाजूला गुप्त महादेव आहे तिथे चिंचोळ्या फटीतून आडवं होऊन आत सरकायचं, माझ्या आत्याने पोट आत घ्यायला दोन मिनिटं घेतली आणि मागची रांग तिला टाळ्या वाजवून आत ढकलत होती. तिथून चौरागड एका बाजूने साडेतीन-चार किलोमीटर. पायऱ्या तेराशेच्या आसपास म्हणतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, मी दोनदा मोजायला घेतल्या आणि दोन्ही वेळा माकडाने लक्ष विचलित केलं. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही गुडघ्याएवढ्या उंच. पण थांबायला जागा आहे, लिंबूपाण्याची दुकानं आहेत. पर्वती रोज चढणारी बाई आरामात चढते, फक्त सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करा आणि उतरताना काठी घ्या. नारळ-प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, पाठीवरच्या बॅगेत ठेवा, तिथली माकडं पिशवीचा रंग ओळखतात.

वर गेल्यावर त्रिशूळच त्रिशूळ. कुंपणासारखे रचलेत, काही बोटाएवढे, काही दोन माणसांनी उचलावे लागतील असे, कितीतरींवर गावाचं नाव मराठीत कोरलेलं. आर्वी, मोर्शी, काटोल असं वाचत बसता येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा देवापेक्षा तेच वाचत होते.

शिवरात्रीला जाऊ नका म्हणणार नाही पण लाखांनी लोक असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान, डिसेंबरात पहाटे पारा पार खाली जातो, नुसता स्वेटर पुरणार नाही, जाकीट आणा.

पायपीट

मी थोडं कडू लिहिणार आहे, राग मानू नका.

मुंबईचा आहे, तीन वर्षांपूर्वी नागद्वारी केली. जागा अद्भुत, त्यात वाद नाही. पण परतताना काजरीच्या अलीकडच्या ओढ्यात मी जे प्लास्टिक बघितलं ते विसरता येत नाही, रेनकोट, पत्रावळी, गुटख्याच्या पुड्या, एक अख्खी चप्पल दगडांत अडकून पाणी अडवत होती. वाघाचं जंगल आहे ते. शेकरू आहे, रानगवे आहेत, अस्वलं आहेत. इतक्या लोकांनी दहा दिवस तिथून जावं का हा प्रश्न मला पडला आणि त्यात मी पण एक होतो हे कळून जास्त वाईट वाटलं. शिडीवर मागून ढकलाढकली झाली तेव्हा एका लहान मुलाचा हात सुटताना मी बघितलाय, वरच्या माणसाने दंड धरला म्हणून वाचला.

डिसेंबरात परत गेलो तर तीच पचमढी वेगळी होती. गाइड घेऊन डचेस फॉलला उतरलो, साल वृक्षांचं जंगल (आजूबाजूला सगळा साग आणि मध्येच हे सालाचं बेट, ते पण एक नवल), आमच्याशिवाय कोणी नाही. परतीच्या चढणीला फेस आला, दगडधोंडे सर म्हणतात तेच. गाइडने एक शैलाश्रय (कातळाखालचा गुहेसारखा आडोसा) दाखवला, पांढऱ्या रंगातली चित्रं, धनुष्य घेतलेली माणसं, घोडे, आणि तिथली मध काढण्याची चित्रं पण प्रसिद्ध आहेत. मान वर केली तर त्याच कड्याला आजही आग्या मोहोळाची पोळी लटकलेली. गाइड कोरकू होता, त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, सेंट लगाया है क्या किसी ने? मी लावलं होतं. आम्ही उलट्या पावली बाहेर.

तर माझं मत, नागद्वारी सोडा, हिवाळ्यात जा.

संत्र्याची फोड

पायपीट भाऊ, कचऱ्याचं बरोबर आहे, मान खाली घालून ऐकतो. आमचं मंडळ आता प्लास्टिकचे ग्लास ठेवत नाही, म्हणूनच वर लिहिलं का ताट सोबत आणा. सगळे करत नाहीत, हे पण खरं.

पण एक सांगू का. तुम्ही डिसेंबरात गेले, गाइडचे पैसे दिले, जिप्सीचे दिले, राहायचे दिले. माझ्यासोबत जी लोकं येतात ना, त्यात मजुरी करणारे आहेत, सोयाबीनची डवरणी आटपून येणारे आहेत, त्यांचं वर्षातलं एकच फिरणं हे. आज्यापणज्यापासून येऊन राहिले. पचमढी तर मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती, साहेब लोकं उन्हाळ्यात नागपूरहून दफ्तरं घेऊन तिथं जात, अन् आमची लोकं त्याच्याही आधीपासून पायी. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून सुटले तर लपायले कुठं गेले? याच महादेवच्या डोंगरात, गोंड राजांच्या आसऱ्याले. १९५६ नंतर नकाशात रेघ पडली म्हणून महादेव परका नाही होत. माणसं कमी करा म्हणा, रोजचा कोटा ठेवा, कचऱ्याले दंड लावा, मी पहिला टाळ्या वाजवीन. पण सोडा म्हणू नका.

पायपीट

कोट्याबद्दल एकदम सहमत. आणि "सोडा" मी घाटमाथा यांना आईसाठी म्हणत होतो, सगळ्यांना नाही, लिहिताना घसरलं.

रिकामटेकडा

मी मॅगीवाली कमेंट मागे घेतो. पण मॅगी खरंच चांगली मिळते हो, धूपगडला सूर्यास्त झाल्यावर थंडीत. १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, आणि वर सगळे सूर्याकडे बघत असताना मी एकटा स्टोव्हकडे बघत होतो.

दगडधोंडे

एक राहिलंच. पाय. वालुकाश्मावर कोरड्या दिवसात बुटाची पकड इतकी छान बसते की माणूस शेफारतो. घात करते ती कातळावर पसरलेली सुटी वाळू, बारीक, गोल दाण्यांची, पाय ठेवला की बेअरिंगवर ठेवल्यासारखा. ओढ्याकाठी आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात बघून पाऊल टाका. आणि खोहच्या काठावर फोटोसाठी कड्याच्या टोकाला जाऊ नका, टोक पुढे आलेलं असतं आणि खालून पोखरलेलं, वरून ते दिसत नाही. आईंना पण सांगा. तुम्हाला तर दोनदा सांगा.

घाटमाथा

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री आईला सगळा धागा वाचून दाखवला, माकडं आणि गुप्त महादेव दोन्हीला हसली, पायपीट यांच्या त्या लहान मुलाला मात्र "अगं बाई" म्हणून गप्प बसली आणि मग म्हणाली, तू काही त्या शिड्यांवर जायचं नाहीस. मी ४३ चा आहे.

तर ठरलं असं, जानेवारीत, शिवरात्रीच्या आधी. वर्धा, मग एक रात्र तामिया, तीन रात्री पचमढी. पहिल्या दिवशी नुसतं गावात आणि जटाशंकर (गावाजवळचं गुहेतलं महादेवाचं देऊळ), दुसऱ्या दिवशी पहाटे चौरागड, तिसऱ्या दिवशी आई हॉटेलवर आराम करणार आणि मी गाइड घेऊन डचेस फॉल, सेंट न लावता. रोप घरीच. नागद्वारी मी पुढच्या वर्षी एकटा करीन, संत्र्याची फोड भाऊ तुमच्या मंडळासोबत येऊ का? ताट आणतो, भांडी घासायला पण तयार आहे. (आईला अजून सांगितलं नाहीये, ती हा धागा वाचत नाही, मी वाचून दाखवतो, हा पॅरा गाळीन.)

काल मामाने माळ्यावरून त्रिशूळ उतरवला, फोटो पाठवलाय. मला वाटलं होतं हातभर असेल. साडेपाच फूट आहे, मामाने भंगारवाल्याच्या काट्यावर मोजून घेतला, अकरा किलो. दांड्यावर आजोबांचं नाव आणि गाव कोरलंय, गावाच्या नावात काना राहिलाय, तो मामा आता लोहाराकडून टाकून घेतो म्हणतोय, आई म्हणते जसा आहे तसाच राहू दे. आता हा गाडीत कसा न्यायचा? हॅचबॅक आहे.

संत्र्याची फोड

या ना भाऊ, बिनधास्त या. अन् अकरा किलो म्हणजे काहीच नाही, खांदा बदलत राहायचा, अन् घाम आला का "एक नमन गौरा पार्वती" म्हणाचं, मागचे चार लोकं आपोआप "हर बोला हर हर महादेव" म्हणतात अन् त्यातला एखादा खांदा पण देते.

छिंदवाडेवाली

ड्रायव्हरच्या बाजूची सीट पाडून तिरका ठेवा, आई मागे बसतील. तिन्ही टोकांना जुनं धोतर नाही तर टॉवेल घट्ट गुंडाळा, सिल्लेवानीच्या घाटात वळणावर तो हमखास सरकतो. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला अजून तीन भोकं आहेत.